पेट्यांच्या दुकानातलं टेबल

पारनेरला आमचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढं एक ओटा, आत पत्रा कापायची आणि ठोकायची खोली, आणि मागच्या अंगणात रंगकाम. दुकानात खुर्ची अशी नव्हतीच. गिऱ्हाईक ओट्यावर गोणपाटावर बसायचं आणि आम्ही घरची माणसं पेट्यांवर. नाहीतरी पेटीवर बसणं हा आमच्या धंद्याचाच भाग होता. पेटी विकली जाण्याआधी घरातल्या कुणीतरी गिऱ्हाइकादेखत तिच्या झाकणावर बसून दाखवायचं, अशी आमच्याकडं रीत होती. नुसतं टेकून चालत नसे, दोन्ही पाय उचलून बसायचं. झाकण दबलं नाही की सौदा पुरा.

हे काम माझ्या धाकट्या चुलत्यांचं, म्हणजे नानांचं होतं. अंगानं ते भरदार होते आणि बोलायला त्याहून भरदार. वडील त्यांचे थोरले भाऊ. नाना त्यांना दादा म्हणत म्हणून मीही दादाच म्हणायला शिकलो. दादा आत पत्रा कापायचे, काठात तार घालून तो वळवायचे, रिव्हेट मारायचे. दिवसभर त्यांच्या तोंडून चार शब्द निघत नसत. आई आणि चुलती मागं पेट्यांना हिरवा नाहीतर निळा रंग देऊन वर गुलाबाची फुलं काढायच्या. आणि नाना ओट्यावर.

पारनेरच्या आसपासची माणसं मुंबईला जायची ती पेटी घेऊनच. पोरगा पहिल्यांदा निघाला की बाप त्याला आमच्या ओट्यावर आणायचा. नाना आधी त्याला पाणी द्यायचे आणि मग चौकशी सुरू.

"कुठं उतरायचा म्हनला?"

"मामाच्या खोलीवर."

"खोलीत मान्सं किती?"

"हायेत की पंधराक."

"मंग ही उंच पेटी तुला काय कामाची? ठिवनार कुठं, मामाच्या डोक्यावर? खाटंखाली सरकंल अशी घे. फळीवर ठिवायची आसंल तर आनखी ल्हान. आनि आतल्या बाजूला कप्पा लावून घे, न्हाईतर फोटू आन् पत्रं कापडात चुरगाळत्यात."

नाना स्वतः कधी मुंबईला गेले नव्हते. पण ओट्यावर बसून ऐकून ऐकून तिथल्या खोल्या त्यांना जणू दिसत असत. संध्याकाळी दादा हात धुवायला बाहेर आले की नाना त्यांना सांगायचे, "दादा, आता बसकी पेटी मागत्यात बरं का. उंची कमी करा." दादा नुसती मान हलवायचे, आणि पुढच्या पेट्यांची उंची कमी झालेली असायची. मागं जाऊन आईला सांगायचे, "वैनी, पोरांच्या पेटीवर गुलाब नको म्हनत्यात. मोर काढा." आई मोर काढायची. धंदा असा चालला होता. तो कसा चालतो याचा विचार कुणी केला नव्हता, मी तर नाहीच.

मी नगरला वसतिगृहात राहून बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. माझ्या शिक्षणापायी घरात कुणी कुणी काय काय सोडून दिलं, ते मला सगळं कधी कळलंही नाही. दादांच्या हातांची बोटं मात्र मी लहानपणापासून पाहिली होती. पत्र्याची धार लागून लागून बोटांच्या टोकांवर आडव्या-उभ्या पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. मी पत्र्याला हात लावायला गेलो की ते खेकसायचे. मायेची गोष्ट ते खेकसूनच बोलायचे. "त्या हातानं लिवायचं हाय तुला. ठिव खाली."

निकाल लागला तेव्हा दादांनी सगळ्या पेठेत पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात नगरहून पत्रा आणायला गेले आणि पत्र्याच्या ट्रकमधून एक टेबल आणि हाताची खुर्ची घेऊन आले. जुन्या बाजारातलं सागवानी टेबल होतं, त्याला खण होते. पाठोपाठ रंगाऱ्याकडून पाटीही बदलून घेतली. आमच्या आडनावापुढं "आणि चिरंजीव" असं लिहिलं आणि त्यापुढं, आडनावापेक्षा मोठ्या अक्षरांत, "बी.कॉम."

टेबल ठेवायचं कुठं? आत पत्र्याचे तुकडे आणि अंधार, अंगणात रंग. उजेडाची जागा एकच, ओटा. टेबल ओट्यावर मांडलं. नानांना कुणी ऊठ म्हणालं नाही. त्यांनी आपण होऊनच गोणपाटाची गुंडाळी केली, ती काखेत मारली आणि हसत म्हणाले, "बसा सायेब. झाली तुमची कचेरी."

मी बसलो. दादा रस्त्यात उभं राहून माझ्याकडं पाहत होते. मागं सरकून, मान तिरकी करून, एखादी रंगवलेली पेटी पाहावी तसं. त्यांचे डोळे भरून आले होते. अशा वेळी माणसानं खुर्चीत बसू नये तर काय करावं?

त्या टेबलाशी मी दीड-दोन वर्षं बसलो. काय करत होतो असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, दुकान पाहतो. जमाखर्च मी लिहीत होतो, पण तो पूर्वी चुलती दगडी पाटीवर लिहून ठेवायची आणि तिला तो पुरायचा. टेबलाला टेबलक्लॉथ आला, फुलदाणी आली. दादा आलेल्या प्रत्येकाला आतून ओरडून सांगायचे, "सायबांना इचारा!" सख्ख्या बापानं मला चारचौघांत साहेब म्हणावं याची मला लाज वाटायची, आणि एवढ्यासाठी त्यांना थांबवलं तर त्यांचं मन मोडेल म्हणून मी गप्प बसायचो.

एकदा वासुंद्याकडचा एक शेतकरी ओट्याशी आला. त्यानं पाटी पाहिली, टेबल पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि वहाणा खाली रस्त्यात काढल्या.

"रावसाहेब, दुष्काळी कामाचं नाव हितंच नोंदवायचं व्हय?"

"नाही हो. पेट्यांचं दुकान आहे हे."

"व्हय का. मला पेटीच पायजे. पन तुमी कामात दिसता."

"छे छे, बोला ना. किती लांबीची?"

त्यानं दोन हात पसरून दाखवलं. मी ते हात पाहिले, लक्षात ठेवले आणि आत गेलो. दादांनी विचारलं, "कशापायी पायजे? जायची कुठं?" ते मी विचारलंच नव्हतं. मी विचारायला बाहेर आलो तर तो दोन्ही हात जोडून अवघडून उभा होता. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब, तुमाला तरास. येतो मी बाजारच्या दिशी." तो बाजारच्या दिवशी आला नाही. एस.टी. स्टँडपाशी एकानं नवीन पेट्या ठेवायला सुरुवात केली होती. तिथं जमिनीवर बसून सौदा व्हायचा.

त्या साली पाऊस नव्हता. आमच्या तालुक्यातून माणसं रोज मुंबईला निघत होती. वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर आमच्या धंद्याला इतके बरे दिवस कधी यायचे नव्हते. आणि आमच्याकडं पेट्या पडून होत्या. आतल्या खोलीत एकावर एक उंचच उंच पेट्यांची चळत लागली होती. दादा त्यांच्या भिंतीआड बसून जुन्या सवयीच्या उंच मापाच्याच आणखी पेट्या ठोकत होते. नाना सकाळी निघून चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. घरात कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं.

नगरला लहान कारखानदारांसाठी एक सरकारी वर्ग भरणार असल्याचं दादांच्या कानावर आलं. लहान धंदा नीट कसा लावावा ते शिकवणार होते. "तू जा," दादा म्हणाले. "शिकलेल्या मान्साचं काम हाय त्ये." मला फार बरं वाटलं. शेवटी माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग करून द्यायची वेळ आली असं मला वाटलं. इस्त्रीचा शर्ट घालून मी गेलो.

शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. साधा माणूस, कोटाच्या खिशात रंगीत खडू. समोर आम्ही बाकांवर. बेलापूरचा एक तेलघाणीवाला होता, नगरमधले सोडावॉटरवाले चाचा होते, शिंगणापूरला पूजेचं सामान विकणारा एक दुकानदार होता, आणखी असेच. साहेबांनी सांगितलं, "प्रत्येक शेताचा नकाशा असतो, बांध कुठं, विहीर कुठं, वाट कुठून. धंद्याचाही तसाच नकाशा काढता येतो. माणूस म्हणजे गोल. माल जातो ती निळी रेघ. शब्द जातो ती तांबडी रेघ. मागणी, निरोप, तक्रार, हुकूम, हे सगळे शब्दच. निळी रेघ सगळ्यांना दिसते. धंदा बुडतो तो तांबडी रेघ तुटल्यामुळं, आणि ती कुणाला दिसत नाही."

मग त्यांनी विचारलं, उदाहरणासाठी कुणाचा धंदा घेऊ या? मी हात वर केला. तिथं मी एकटाच ग्रॅज्युएट होतो. पेट्यांचं दुकान म्हटल्यावर शेजारचा शिंगणापूरवाला हळूच म्हणाला, "आमच्या गावात नका येऊ इकायला. घराला दार न्हाई, मंग कडी-कोयंड्याची पेटी काय पुजायची?" लोक हसले, मीही हसलो. तोवर सगळं ठीक होतं.

साहेबांनी फळ्यावर गोल काढले. वडील. आई. चुलती. चुलते. मी. बाहेर गिऱ्हाईक. निळ्या रेघा भराभर झाल्या, पत्रा नगरहून वडिलांकडं, पेटी अंगणात, तिथून ओट्यावर. मग त्यांनी तांबडा खडू घेतला.

"गिऱ्हाईक आलं की आधी कुणाशी बोलतं?"

"माझ्याशी," मी ताठ बसून म्हणालो.

"मग तुम्ही काय करता?"

"आत जाऊन वडिलांना विचारतो."

"मग?"

"बाहेर येऊन गिऱ्हाइकाला सांगतो."

"आणि गिऱ्हाइकाला ते पटलं नाही तर?"

"पुन्हा आत जातो."

प्रत्येक उत्तराला साहेबांचा खडू एक रेघ मारत होता. माझ्या गोलाशी तांबड्या रेघांचा गुंता झाला होता. मागच्या बाकावरून तेलघाणीवाल्याचा आवाज आला, "आमच्या घान्याचा बैल घिऊन जा की. त्यो बी दिसभर आत-भाईर करतोय!"

"बैलाचं तेल तरी निघतं मियाँ," सोडावॉटरवाले चाचा म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपापल्या धंद्यातली गंमत ओळखून माणसं हसतात तसं ते हसणं होतं.

"हे तुमचे चुलते," साहेब म्हणाले, "यांच्याकडं एकही रेघ नाही. यांचं काम काय?"

मी उठून उभा राहिलो. "आता काही नाही," मी म्हणालो. "पूर्वी ते गिऱ्हाइकाशी बोलायचे."

"मग पूर्वीचा नकाशा काढू या शेजारी," साहेब म्हणाले, आणि मी सांगत गेलो तसा त्यांनी तो काढला. गिऱ्हाइकाची रेघ नानांकडं. नानांची रेघ दादांकडं, उंची कमी करा. नानांची रेघ आईकडं, मोर काढा. मुंबईहून सुट्टीला आलेल्या माणसाची रेघ परत नानांकडं, कप्पा सोयीचा झाला, कडी तेवढी आतून टोचते. किती रेघा निघाल्या! माझ्याच तोंडून एकेक निघत होती आणि फळ्याची ती बाजू तांबडी होत होती. त्या नकाशात मी नव्हतो. अलीकडच्यात मी मधोमध होतो आणि बाकी सगळं सुकलेलं. दादा उंच पेट्या का ठोकत बसले होते ते त्या क्षणी मला समजलं. त्यांना कुणी काही सांगतच नव्हतं.

साहेबांनी सकाळी एक युक्ती सांगितली होती. एकेका गोलावर अंगठा ठेवायचा आणि विचारायचं, हा माणूस नसता तर काय थांबलं असतं? त्यांनी दादांच्या गोलावर अंगठा ठेवला. मी म्हणालो, पेट्या थांबतील. आईच्या ठेवला. रंग थांबेल. मग त्यांचा हात माझ्या गोलाकडं गेला. तिथं घुटमळला. त्यांनी वळून माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, हात मागं घेतला, रुमालाला पुसला आणि म्हणाले, "फार छान सांगितलंत. बसा. आता दुसरा कोण?"

लोकांच्या हसण्यापेक्षा मला तो मागं घेतलेला हात जास्त लागला. माझी दया यावी इतकं ते उघडं होतं. उरलेला वेळ मी टेबलावरच्या टेबलक्लॉथचा विचार करत बसलो. त्याच्यावर चुलतीनं, नानांच्या बायकोनं, माझ्यासाठी वेलबुट्टी काढली होती.

घरी आलो. रात्री जेवताना दादांनी विचारलं, "काय शिकवलं?" मी म्हणालो, "नकाशे काढायला." दादा आईला म्हणाले, "बघ, नकाशे काढत्यात." त्यांना ती फार मोठी विद्या वाटली. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो. बोलायचं कसं? तुम्ही आणलेली खुर्ची धंद्याच्या नरड्यावर ठेवली आहे, हे ज्यानं आणली त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन त्याच खुर्चीत बसलो. तिसऱ्या दिवशीही. आता मात्र बसणं सुखाचं राहिलं नव्हतं. ओट्यापुढून माणसं जायची तेव्हा वाटायचं, सगळ्यांना तो फळा दिसतो आहे.

मग एका दुपारी नाना आत आले. मी टेबलाशी होतो, पण ते माझ्यापाशी थांबले नाहीत. सरळ आतल्या खोलीत गेले. मला ऐकू येत होतं.

"दादा, एक पेटी पायजे हुती."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठीच."

ठोकणं थांबलं.

"टपरीवर एक जन आल्ता, मुंबईत मार्केटात हमालीला लागलाय," नाना म्हणाले. "ये म्हनला. अंगानं मी बरा हाय. हितं तसं मला काय काम हाय? आता सायेब बघत्यातच की सगळं." ते बोलणं उपरोधाचं नव्हतं, हे मला आजही खात्रीनं सांगता येतं. ते खरोखर तसं समजत होते. "खाटंखाली जाईल आशी करा. उंची कमी."

मग कात्रीचा आवाज आला. दादा पत्रा कापायला लागले होते. थोरल्या भावानं धाकट्याला अडवायचं तर काहीतरी काम दाखवायला हवं, आणि दादांच्याकडं ते नव्हतं. ते मी अडवून बसलो होतो.

दोन दिवसांत ती पेटी तयार होत आली. आईनं रंग काय देऊ म्हणून विचारलं नाही, नानांनीही सांगितलं नाही. ती तशीच बिनरंगाची अंगणात पडून होती. तिच्याकडं पाहून मला राहवेना. सकाळी नाना आणि दादा दोघंही आत चहा पीत होते. मी एक कोरा पत्रा भिंतीला टेकवून उभा केला, खडू घेतला आणि म्हणालो, "वर्गात शिकलो ते दाखवतो."

दादांनी चहाची बशी खाली ठेवली. कौतुकानं मांडी घालून बसले. आईलाही हाक मारली.

मी दोन्ही नकाशे काढले. आधी पूर्वीचा. रेघ मारताना मी सांगत होतो. हे गिऱ्हाईक, हे नाना, ही तुमच्याकडं येणारी उंची, हा आईचा मोर. नाना हसायला लागले. "आयला, हे तर आपलंच घर झालं की रं." मग मी दुसरा काढला. माझ्या गोलाशी आलो तेव्हा खडू माझ्या हातात दोनदा मोडला. रेघा सगळ्या माझ्यापाशी आणल्या आणि तिथं सोडल्या. नानांचा गोल बाजूला एकटा काढला. वाक्य पुरं करायची गरज राहिली नाही.

दादांचा चेहरा आधी तांबडा झाला. "हे शिकायला तुला धाडलं व्हतं?" ते म्हणाले. "तुला खुर्चीवर बसवायला म्या काय केलं आन् काय न्हाई, त्येची रेघ कुठाय ह्यात? दाव ना. दाव!"

ती रेघ त्या नकाशात नव्हती. ती कुठल्या रंगात काढायची ते साहेबांनी सांगितलं नव्हतं.

"अंगठा ठेवून बघायचं असतं, दादा," मी कसंबसं म्हणालो. "ज्याच्यावर ठेवला तो नसला तर काय थांबेल ते."

दादा उठले. पत्र्यापाशी गेले. रेघारेघांचा तो जाडजूड अंगठा त्यांनी माझ्या गोलावर टेकवला. गोल पुरता झाकला गेला. ते तसेच उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. आई पदर तोंडाशी धरून उभी. मी जमिनीकडं पाहत होतो. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, आणि ते मला बापाच्या तोंडावर द्यावं लागणार होतं.

"काय थांबंल?" दादांनी भिंतीकडं तोंड करूनच विचारलं.

"पेठेतनं तुमचं छाती काढून चालनं थांबंल," नाना म्हणाले. "दुसरं काय न्हाई. पन त्ये लई हाय."

ज्याची जागा मी घेतली होती तो माणूस माझी बाजू घेत होता. मला तिथं उभं राहणं अशक्य झालं. मी म्हणालो, "नाना, ती अंगणातली पेटी मला द्या. मी जातो."

"कुठं जातूस?"

"नगरला. नोकरी बघतो. तुम्ही ओट्यावर बसा."

दादा अंगठा काढून तो धोतराला पुसत मागं निघून गेले. पण दुपारी पाहतो तो, ते एकटेच टेबल उचलून मागच्या अंगणात नेत होते. मी धरायला गेलो तर खेकसले, "ठिव खाली." आईनं त्या टेबलावर रंगाचे डबे मांडले. वाकून काम करण्यापेक्षा तिला ते सोयीचं झालं.

संध्याकाळी नानांनी ओट्यावर गोणपाट अंथरलं, ती पेटी बाहेर आणली आणि मला हाक मारली. "या पाव्हनं. कुठं जायचा म्हनला?"

"नगरला," मी म्हणालो.

"खोलीत मान्सं किती?"

"अजून खोली नाही, नाना."

"मंग तर लईच ल्हान पेटी घ्यायला पायजे. पन ही घ्या, मजबूत हाय. ग्रॅज्युएट मानूस हाय तुमी, पुस्तकं भरनार, बूड फाटायला नको." ते पेटीवर बसले आणि दोन्ही पाय उचलले. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली, हसली, आणि त्यांतला एक ओट्याच्या कडेला टेकला. त्यालाही पेटी हवी होती. नाना माझ्या पेटीवर बसल्या बसल्याच त्याला विचारू लागले, मुंबईत उतरायचं कुठं म्हणाला.

मी आत पाहिलं. दादांचं ठोकणं थांबलं होतं. ते बाहेरचं बोलणं ऐकत होते.

नगरला मला नोकरी लागली आणि पुढं वर्गातल्या त्याच साहेबांच्या शिफारशीनं मी लहान धंदेवाल्यांना शिकवायच्या कामात शिरलो. जन्मभर ते गोल आणि त्या रेघा काढल्या. त्यावर माझं घर चाललं, मुलं शिकली. साहेबांचे उपकार मी विसरलेलो नाही, आणि ज्यांनी मला शिकवलं त्या घराचे तर नाहीच. पण फळ्यावरच्या कुठल्याही गोलावर अंगठा ठेवताना मी समोरच्या माणसाचा चेहरा आधी पाहतो, आणि पुष्कळदा हात मागं घेतो.

पाटीवरचं "बी.कॉम." दादांनी शेवटपर्यंत पुसू दिलं नाही. खुर्ची त्यांनी आतल्या खोलीत खुंट्यांवर उंच टांगून ठेवली होती. मी सुट्टीला पारनेरला गेलो की ते ती उतरवायचे, पुसायचे आणि ओट्यावर, गोणपाटाच्या शेजारी, नेमकी माणसांच्या वाटेत मांडायचे. नाना गिऱ्हाइकाशी बोलत असायचे. मी आल्या-आल्या एखाद्या पेटीवर टेकलो की दादा म्हणायचे, "खुर्ची हाय की."

मी उठून खुर्चीत बसायचो. आणि ओट्याशी येणारं पुढचं माणूस माझ्याकडं पाहून वहाणा रस्त्यातच काढायचं.